फूटपाथवरची शिरगणती

‘बेघरांविषयी सोप्या भाषेत लिहा, आकडे बेताने वापरा,’ असं संपादकांनी कळवलं आहे. पहिली अट पाळते. दुसरी पाळता येणार नाही, कारण माझा विषयच मोजणी हा आहे. नमुना-पाहणीचं शास्त्र मी आयुष्यभर शिकवलं आणि निवृत्तीनंतरही मुंबईच्या फूटपाथांवर रात्रीच्या पाहण्या करते. बेघर माणसावरच्या अन्यायाची सुरुवात त्याला मोजण्याच्या पद्धतीपासून होते, असं माझं ठाम मत आहे.

२०११च्या जनगणनेत देशभरात १७.७ लाख बेघर नोंदले गेले. २००१मध्ये ते १९.४ लाख होते. ‘बरं झालं, कमी झाले,’ म्हणून वाचणारा पान उलटतो. पण याच दहा वर्षांत शहरांतले बेघर ७.७८ लाखांवरून ९.३८ लाखांवर गेले. मुंबईचा आकडा निघाला सुमारे ५७ हजार. रात्री दोननंतर मशीद बंदरपासून भायखळ्यापर्यंत पायी चालून बघा; हा आकडा तुम्हालाही पटणार नाही.

तो आला कसा, हे जरा सविस्तर सांगते. जनगणनेचे दोन टप्पे असतात. पहिल्यात घरांची यादी होते आणि पाणी, संडास, दिवा, सामानसुमान विचारलं जातं. ज्याला घरच नाही तो या यादीत येत नाही. म्हणून झोपडीत टीव्ही आहे का हे सरकारला ठाऊक असतं. पुलाखालची बाई पाणी कुठून आणते, हे या कागदांत कुठेच नसतं. दुसरा टप्पा माणसांच्या मोजणीचा. २०११मध्ये तो ९ ते २८ फेब्रुवारी असा चालला आणि बेघरांसाठी त्यातली शेवटची एकच रात्र राखून ठेवली होती. रस्त्याकडेला, पुलाखाली, जिन्याखाली, देवळाच्या आवारात, रेल्वेच्या फलाटावर, सिमेंटच्या मोठ्या नळ्यांत जे उघड्यावर झोपतात ते सगळे त्या रात्री मोजायचे. मोजणारे कोण, तर बहुतेक शाळांचे शिक्षक, तीन आठवडे दारोदार फिरून थकलेले.

खरा वाद पुढे आहे. फूटपाथच्या भिंतीला ताडपत्री बांधून, दोन बांबू टेकवून कुटुंब राहतंय. हे ‘घर’ धरायचं की ‘उघड्यावर’? इमारतीला छप्पर हवं, पण चारही भिंती हव्यातच असं नाही, असं व्याख्या म्हणते. एका प्रगणकाने ताडपत्रीला छप्पर मानलं की ते कुटुंब बेघरांच्या रकान्यातून गेलं. दुसऱ्याने मानलं नाही, तर घरयादीत नाही म्हणून त्याचा सगळा भरवसा त्या एका रात्रीवर. आणि आदल्या दिवशी महापालिकेच्या अतिक्रमणवाल्यांची गाडी येऊन ताडपत्री गेली असेल, तर पहाटे ते कुटुंब तिसऱ्याच गल्लीत असतं. अशी कुटुंबं दोन्ही याद्यांतून निसटलेली मी पाहिली आहेत. सहकारी म्हणतात, थोडी चूक सगळ्याच मोजणीत असते. पण चूक दोन्ही बाजूंना पडली तर ती चूक. इथे ती दर वेळी एकाच बाजूला पडते, आणि ते मी चूक म्हणून सोडून द्यायला तयार नाही.

गेल्या वर्षीची एक बाई माझ्या मनातून जात नाही. पारधी समाजातली, मूळची सोलापूरकडची. मध्य मुंबईतल्या एका उड्डाणपुलाखाली राहते आणि सिग्नलला गजरे विकते. तिला मतदारयादीत नाव हवं होतं. बेघरांसाठी निवडणूक आयोगाचा नियम फार शहाणा आहे. अर्जात दिलेल्या जागी कर्मचाऱ्याने रात्री जायचं, एकाहून जास्त रात्री जायचं. माणूस तिथे झोपलेला दिसला तर पत्त्याचा कागद मागायचा नाही. इथे पाहणीला माणूस आला दुपारी. बाई सिग्नलवर. शेरा पडला, ‘अर्जदार पत्त्यावर राहत नाही.’ ती मला म्हणाली, “म्याडम, त्यास्नी रातच्याला या म्हणावं. आमी कुठं जातोय?”

तिच्या दिराच्या रेशनकार्डावर तिचं नाव गावी अजून आहे. तेवढ्यावरून ‘गावी घर असताना इथे कशाला येता?’ हा प्रश्न तिला येणारा-जाणारा विचारतो. ते घर म्हणजे गावाबाहेरच्या गायरानावरचं पाल. १८७१पासूनच्या कायद्याने ज्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवलं त्यांत पारधी होते; कायदा १९५२ साली गेला, संशय गेला नाही. आसपास चोरी झाली की पहिली धाड पालावर. असा माणूस गाव सोडतो तेव्हा मुंबईच्या ओढीपेक्षा मागची भीती मोठी असते.

‘हे लोक काम करत नाहीत’ हे ऐकून ऐकून मी थकले आहे. क्रॉफर्ड मार्केटचे पाटीवाले, भुलेश्वरचे हातगाडीवाले, पहाटे दादरच्या फूलबाजारात गाठोडी उतरवणारे, लग्नाच्या हॉलमागे मध्यरात्री भांडी घासणाऱ्या बायका, नाक्यावरचे बिगारी, यांतले कितीतरी जण फूटपाथवर झोपतात. ज्याचं काम पहाटे चारला लागतं त्याने नालासोपाऱ्याला खोली घेतली तर डिपॉझिट आणायचं कुठून आणि पहाटे पोचायचं कसं? कामाजवळ झोपणं हा त्याने नीट हिशेब करून घेतलेला निर्णय असतो. सर्वोच्च न्यायालयानेही हे ओळखलं होतं. १९८१च्या भर पावसाळ्यात फूटपाथवासीयांना हटवण्याची घोषणा झाली. त्यातून उभ्या राहिलेल्या ओल्गा टेलिस खटल्यात सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या घटनापीठाने १० जुलै १९८५ रोजी जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो असं सांगितलं. ‘कोर्टाने फूटपाथ देऊन टाकला’ हा मात्र गैरसमज आहे. रीतसर प्रक्रिया करून हटवायला त्याच निकालाने मोकळीक दिली.

मानसिक आजाराबद्दलचा समजही असाच अर्धवट आहे. आजारामुळे रस्त्यावर आलेले आहेतच. पण वर्षानुवर्षं झोप न मिळाल्याने, मार खाल्ल्याने रस्त्यावर आजारी पडलेलेही मी पाहिले आहेत. कायदाही कारण विचारत नाही; १९५९चा भीक प्रतिबंधक कायदा तर उपजीविकेचं साधन ‘दिसत नाही’ एवढ्यावरही माणसाला अडकवू शकतो. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८मध्ये त्यातली मुख्य कलमं रद्द केली, पण दिल्लीपुरतीच.

आता निवारे. निकष असा की शहरात लाख लोकसंख्येमागे १०० जणांचा एक निवारा हवा. २०११ची मुंबई सुमारे १.२४ कोटींची. म्हणजे सव्वाशे निवारे आणि साडेबारा हजार जागा. हा निकष शंभर टक्के पाळला, तरी जनगणनेच्याच ५७ हजारांतल्या चौघांपैकी एकालाही जागा पुरत नाही. निकष बेघरांच्या संख्येवर ठरलेलाच नाही, एकूण लोकसंख्येवर ठरला आहे. शिवाय हॉलमध्ये शंभर खाटा ही एकट्या पुरुषांची सोय झाली. मुंबईच्या फूटपाथवर चूल आहे, शाळेचं दप्तर आहे, बाळंतीण आहे. ‘जागा देऊनही जात नाहीत’ म्हणणाऱ्यांनी सासू, नवरा, तीन पोरं घेऊन अशा हॉलमध्ये महिनाभर राहून दाखवावं.

लांबलेल्या जनगणनेचा संदर्भदिनांक आता १ मार्च २०२७ आहे. माझं म्हणणं एवढंच, की बेघरांसाठी निदान तीन रात्री द्या आणि ‘मागच्या सात रात्री कुठे झोपलात?’ हा प्रश्न घाला. वाट दाखवायला फूटपाथवरच्याच बायका घ्या, मानधन देऊन. हे मुंबईत घडलेलं आहे. १९८५ साली भायखळा आणि आसपासच्या सुमारे सहा हजार कुटुंबांची गणती स्पार्क या संस्थेने फूटपाथवरच्या लोकांना सोबत घेऊन केली. कोण कुठे झोपतो हे तिथल्या बाईइतकं कुणालाच ठाऊक नसतं.

एका शंकेचं उत्तर मात्र माझ्याकडे पुरेसं नाही. वही काढली की पहिला प्रश्न येतो, ‘ही यादी कुणाकडं जाणार?’ मोजून गेल्यावर अतिक्रमणवाल्यांची गाडी आली, असं त्यांच्या आयुष्यात घडलेलं असतं. जनगणना कायदा १९४८चा, त्याच्या १५व्या कलमानुसार वैयक्तिक माहिती गोपनीय असते आणि कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही, हे मी सांगते. हे त्यांना सांगणं प्रगणकाच्या प्रशिक्षणातच आलं पाहिजे. त्यावर पाटीवाले विचारतात, ‘कोर्टात नाही चालत, पण वॉर्डात?’ कायद्याने वॉर्ड ऑफिसलाही ती माहिती देता येत नाही. पण त्यांचा प्रश्न कायद्याचा नसतो, अनुभवाचा असतो, आणि त्या अनुभवापुढे माझं कलम अपुरं पडतं.