साबण आणि दगड

हजिऱ्याहून निघणारा हायवे ५३ सुरत, नवापूर करत धुळ्याकडे जातो. या रस्त्यावर ट्रेलर ओढणाऱ्या ट्रकची टाकी गळू लागली, की ड्रायव्हरकाका चिरेत अंगाचा साबण दाबून भरतात. साबण डिझेलमध्ये विरघळत नाही, म्हणून गॅरेजपर्यंत निभावतं. पाइप गळला तर सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळायची, लाइनमध्ये शिरलेली हवा हातपंप मारून काढायची. हे जुगाड बघत उभं राहायला मला आवडतं.

पण गाडी चालू झाली की मागे मांडलेले दगड कितीदा तसेच रस्त्यात राहतात. माझे पप्पा रात्रपाळीहून बाइकवर याच रस्त्यानं येतात. अंधारात दगड दिसणार कसा? शेवटचा दगड कडेला टाकला, तरच दुरुस्ती पुरी झाली म्हणावं.