पाठभेद आणि रक्तद्रव

पोथ्यांचे पाठभेद जुळवण्यात वर्षे घालवलेल्या आम्हां मराठीच्या अध्यापकांना रोगप्रतिकारशास्त्राचा इतिहास वाचताना आपल्याच घरात शिरल्यासारखे वाटले. ज्याँ दोसे यांनी १९५८ मध्ये पांढऱ्या पेशींवरील एक प्रतिजन, म्हणजे पेशीची ओळखखूण, शोधून काढला; तीन स्वयंसेवकांच्या आद्याक्षरांवरून त्याला ‘मॅक’ म्हटले. रोझ पेन यांच्याकडे बहुतांशी तोच ‘एलए-२’ या नावाने नांदत होता. प्रत्येक प्रयोगशाळेची संहिता निराळी!

१९६४ मध्ये अमेरिकेतील डरहॅम येथे संशोधक आपापली तंत्रे व रक्तद्रवे घेऊन एकत्र आले, त्याच पेशी तपासू लागले, आणि निष्कर्ष जुळेनात. नुसत्या टिपणांची देवघेव इथे पुरण्यासारखी नव्हती. मूळ द्रव्यच वाटून घ्यावे लागले, आणि ते तर मोजकेच. (आमच्याकडे पोथीची छायाप्रत देतानाही हात आखडतो, हे जाता जाता.) १९६७ मध्ये तुरिनच्या कार्यशाळेत इटालियन कुटुंबांच्या पेशी तपासल्यावर चित्र बरेच स्पष्ट झाले. पुढच्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या समितीने ‘एचएल-ए’ हे सामाईक नाव ठरवले. अवयवरोपणासाठी दाता जुळवताना आजही त्यातूनच वाढलेली परिभाषा वापरतात.

‘मॅक’चे ‘एचएल-ए२’ झाले. ती तीन आद्याक्षरे मात्र त्यात उरली नाहीत.