आत्या, तुझी लूना चालू झाली

प्रिय आत्या,

तुझी लूना चालू झाली. फोनवर सांगितलं असतं तर 'कशाला गं एवढा खटाटोप' म्हणून तू विषय बदलला असतास, आणि मग बोलणं गुडघ्यांवर, पुण्याच्या पावसावर, नातवाच्या परीक्षेवर गेलं असतं. म्हणून लिहितेय. पत्र निदान शेवटपर्यंत वाचशील.

आधी थोडं भांडून घेते. लूना भंगारात द्यायला निघालीस, हे मला आईकडून का कळावं? मागच्या भिंतीला टेकून ती इतकी वर्षं उभी होती, तुळशीच्या जुन्या कुंड्या तिच्या कॅरिअरवर ठेवलेल्या होत्या, आणि भंगारवाल्याने किलोवर भाव सांगितला तर तू 'ने बाबा' म्हणालीस? दागिना मोडताना तू चार जणांना विचारलंस. ही गाडी मोडताना कुणालाच नाही? मी दारात आडवी उभी राहिले नसते तर आज तिचं लोखंड कुठल्या भट्टीत असतं कोण जाणे. आणि तू म्हणतेस, 'जुनी वस्तू होती, अडगळ नुसती.' तू ती अडगळ म्हणून घेतली नव्हतीस गं.

तू घेतलीस तेव्हाचा काळ आठव. चेतक आणि लूना दोन्ही 1972 च्याच. पण स्कूटरसाठी नंबर लावायचा आणि वर्षानुवर्षं वाट पाहायची, आणि मास्तरणीच्या पगारात तो नंबर लावायचं स्वप्नही कुणी पाहत नव्हतं. इटलीच्या पियाजिओ कंपनीच्या छोट्या मोपेडवरून हस्तीमल फिरोदियांच्या कायनेटिकने लूना आणली. पन्नास सीसीचं दोन स्ट्रोकचं इंजिन, ना गिअर, ना क्लचची दांडी, वर सायकलसारखी पेडलं. आणि आपल्यासाठी सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे ती नगरातच बनायची, दौंड रस्त्यावरच्या कारखान्यात. कायनेटिक चौक अजून पत्त्यात लिहिला जातो, पण तिथून रिक्षा धरणाऱ्या पोरांना नाव कशावरून पडलं ते सांगावं लागतं.

आजी म्हणाली होती ना, 'बाईमाणसाला गाडी कशाला?' तू उत्तर दिलं नाहीस. दुसऱ्या दिवशी साडीचा पदर खोचलास, वह्यांची पिशवी हँडलला अडकवलीस आणि शाळेला निघून गेलीस. त्याआधी तुझी शाळा एसटीच्या वेळेवर चालायची. एसटी चुकली की अर्धा दिवसाची रजा, संध्याकाळची चुकली की गावातल्या कुणाच्या तरी ओसरीवर बसून राहायचं, आणि घरी आलीस की 'इतका उशीर का' हा प्रश्न ठरलेला. लूना आली आणि तो प्रश्न थांबला. हे तू मला कधी सांगितलं नाहीस. बाबांनी सांगितलं, आणि सांगताना त्यांचा आवाज जरा वेगळा झाला होता. बहिणीचा अभिमान भावाला तोंडावर बोलता येत नाही, एवढंच.

मला आठवतात ते रविवार. तू मला कॅरिअरवर बसवून चांदबिबीच्या महालाकडे न्यायचीस. भिंगार मागे पडलं की मोकळं माळरान, आणि डोंगराची चढण सुरू झाली की इंजिनाचा आवाज बारीक होत जायचा. तू पेडल मारायला लागायचीस. मग मी उतरायची आणि मागून ढकलायची. वर पोचल्यावर आपण दोघी धापा टाकत महालाच्या सावलीत बसायचो, आणि तू गाडीच्या इंजिनाला हात जवळ नेऊन बघायचीस. 'तापलंय. तिला बसू दे, मग आपण निघू.' आधी तिचं बसणं, मग आपलं निघणं. मशीनशी असं वागायचं असतं हे मी तिथे शिकले.

आता ऐक, काय काय केलं ते. तुला यातलं सगळं कळेल, आणि ज्यांना कळणार नाही त्यांनाही कळावं म्हणून सविस्तर लिहिते.

पेडल मारून पाहिलं तर इंजिन जागचं हललं नाही. जबरदस्ती करायची नाही, हे तुझंच. प्लग काढला, त्या भोकातून रॉकेल आणि ऑइल सोडलं आणि तसंच मुरू दिलं. रोज हाताने थोडं पुढे, थोडं मागे. एका सकाळी ते सुटलं. हेड आणि बॅरल खोलल्यावर कारण दिसलं. रिंगा कार्बनने पिस्टनच्या खाचांत चिकटून बसल्या होत्या आणि बॅरलवर गंजाची एक पट्टी होती. लेथवाल्या चाचांनी आत बोट फिरवलं, नखाने चाचपलं आणि म्हणाले, 'एक साइजमध्ये निघेल.' बोअर मारून वरच्या साइजचा पिस्टन टाकला. तो पिस्टन शोधायला मात्र नगरातली जुनी स्पेअर पार्टची दुकानं पालथी घालावी लागली. शेवटी एका दुकानाच्या माळ्यावर, पिवळ्या पडलेल्या खोक्यात सापडला. दुकानदाराने धूळ पुसली, लूनाचं नाव ऐकून हसला आणि किंमत सांगायच्या आधी चहा मागवला.

सायलेन्सर आतून पार बुजला होता. दोन स्ट्रोकच्या इंजिनात ऑइल पेट्रोलबरोबरच जळतं, त्याचा कार्बन एक्झॉस्टच्या तोंडाशी आणि सायलेन्सरमध्ये साठत जातो, आणि मग गाडी दम्याच्या माणसासारखी चालते. सायलेन्सर कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात घालून साफ केला. हेड मात्र त्या पाण्याजवळही नेलं नाही, कारण ते अॅल्युमिनियमचं, सोडा त्याला खाऊन टाकतो. ते लाकडाच्या चपट्या काडीने खरवडलं.

आणि ऑइल सील. हे दिसत नाहीत म्हणून लोक विसरतात. चार स्ट्रोकच्या गाडीत खालच्या खोक्यात ऑइल भरलेलं असतं. आपल्या लूनात त्याच खोक्यातून पेट्रोल आणि हवेचं मिश्रण वर ढकललं जातं. क्रँकच्या टोकाचं रबरी सील वाळून कडक झालं की तिथून चोरटी हवा आत शिरते, मिश्रणात पेट्रोल कमी पडतं, इंजिन तापतं आणि पिस्टन पुन्हा जाम होतो. उभ्या गाडीचं सील चालत्या गाडीपेक्षा लवकर वाळतं. म्हणून पुलर लावून मॅग्नेटचं चाक काढलं आणि सील नवी घातली. तिथेच पॉइंट पॉलिश पेपरने घासले आणि फट फीलर गेजने लावून घेतली. प्लगच्या टोकाशी निळी ठिणगी उडाली तेव्हा मी अंगणात ओरडले. आई बाहेर येऊन विचारते, 'शॉक बसला का?'

रंग मात्र मी नवा दिला नाही. यावरून घरात वाद झाला. सगळ्यांचं म्हणणं, एवढं केलंस तर चकचकीत कर, लग्नात फोटो काढायला येतील लोक. पण हँडलजवळ तुझ्या पिशवीच्या बंदाने रंग झिजून आतलं लोखंड दिसतं. कॅरिअरच्या कडेला मी जिथे धरून बसायची तिथेही तसंच. ते कशाला झाकायचं? गंज घासला, उघड्या जागी तेलाचा हात फिरवला, रिमचा आऊट काढला, तुटलेल्या तारा बदलल्या, ब्रेक लायनर आणि सगळ्या केबली नव्या टाकल्या. जिथे जिवाचा प्रश्न आहे तिथे नवं, जिथे फक्त दिसण्याचा आहे तिथे जुनंच.

आता एक गोष्ट तुझ्या काळात नव्हती. पेट्रोल बदललंय, आत्या. त्यात आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. आपल्याच जिल्ह्यात, लोणीला, 1950 साली विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा केला, आणि त्या वाटेने पुढे जिल्हाभर कारखाने झाले. त्याच उसापासूनचं इथेनॉल आज पंपावर पोचतं. उसाला गिऱ्हाईक मिळालं, शेतकऱ्याला त्याचा आधार आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण इथेनॉल पाणी ओढून घेतं, जुनं रबर फुगवतं, आणि उभ्या गाडीच्या कार्ब्युरेटरमध्ये राहिलं तर आतून खायला लागतं. म्हणून पेट्रोलची नळी इथेनॉल सोसणारी घातली. आणि रोज घरी आल्यावर कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवते, म्हणजे कार्ब्युरेटर कोरडा होतो. तू टोपणात ऑइल मोजून टाकीत ओतायचीस आणि गाडी हलवून मिसळायचीस, तेही तसंच चालू आहे. जास्त ऑइल टाकलं तर धूर आणि कार्बन, कमी टाकलं तर इंजिनाचा जीव. तुझं माप बरोबर होतं. धूर निघतो, निळसर, थोडा. तो पूर्ण थांबवता येत नाही, म्हणून फेऱ्या मोजक्याच मारते.

खरं बोलायचंय ते आता बोलते. गाडी दुरुस्त झाल्याचं कळल्यावर पुष्कळ जण म्हणाले, आता ही जपून ठेव, काचेत ठेवण्यासारखी वस्तू आहे. आपल्या नगरात रणगाड्यांचं संग्रहालय आहे, लष्कराने 1994 साली उघडलेलं. लहानपणी शाळेची सहल तिथे गेली होती. ते रणगाडे थांबलेलेच बरे, त्यांचं थांबणं हेच सगळ्यांच्या सुखाचं आहे. पण लूना थांबली म्हणजे काय थांबलं, ते तुला ठाऊक आहे. तुझी लूना बिघडली म्हणून उभी राहिली नव्हती, आत्या. घरात चारचाकी आली, मुलांना वाटलं आईने आता लूनावर फिरणं बरं दिसत नाही, आणि तू एका शब्दाने विरोध केला नाहीस. आजीपुढे पदर खोचणारी बाई पोरांपुढे गप्प बसली. माझा राग भंगारवाल्यावर नाही, त्या गप्प बसण्यावर आहे. त्यानंतर तू कुठेही जायचं तर कुणाच्या तरी सवडीने गेलीस. गुडघे दुखायला लागले ते नंतर.

हे लागेल तुला. लागू दे. मला लूना चालवायला तू शिकवलंस. दहावीच्या सुट्टीत, वाडिया पार्कच्या कडेने, मागून कॅरिअर धरून पळत. 'मी धरलंय' म्हणत कधी सोडलंस ते मला कळलंच नाही. आज मी नोकरीला, बाजाराला, कुठेही कुणाला न विचारता जाते, ते तुझ्यामुळे. हे ऋण मी तोंडाने कधी बोलले नव्हते, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय.

आता कामाचं. तुझं आरसी बुक ट्रंकेत, रेशन कार्डाच्या जुन्या पिशवीत सापडलं. त्यावर अहमदनगरचा शिक्का आहे, आता कागदोपत्री जिल्हा अहिल्यानगर झाला. गाडीला पन्नास वर्षं उलटून गेली, त्यामुळे आपल्यापुढे दोन वाटा आहेत. 2021 च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांपुढची, मूळ रूपात राखलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. तिला 'व्हीए' अक्षरांची वेगळी पाटी मिळते, मान मिळतो. पण मग ती रस्त्यावर आणायची ती रॅलीला, प्रदर्शनाला, पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला. भाजी आणायला नाही, शाळेत जायला नाही. दुसरी वाट साधी आहे. आरटीओत तपासणीला न्यायची, पीयूसी आणि विमा काढायचा, आणि नेहमीच्या गाडीसारखं नोंदणीचं नूतनीकरण करायचं. ते दर पाच वर्षांनी पुन्हा करावं लागेल, खेटे पडतील, पण ती कामाची गाडी राहील.

माझं मत तुला कळलंच असेल. पण गाडी माझी नाही. बुकावर मालक म्हणून तुझं नाव आहे, आणि अर्जावर सही मालकाचीच लागते. मी अर्ज भरून ठेवलाय, सहीची जागा रिकामी आहे. येत्या रविवारी ये. मुलाला 'सोडतोस का' विचारत बसू नकोस, शिवाजीनगरहून नगरची एसटी मिळते.

तुझी भाची