करिअर फंडा, इयत्ता चौथी!

‘मोठेपणी कोण होणार?’ हा प्रश्न पाहुण्यांनी विचारायचा आणि पोरांनी पाठ केलेलं उत्तर द्यायचं, असा आपल्याकडे अलिखित करार आहे. डॉक्टर, पोलीस, कलेक्टर, मॅडम. हल्ली त्यात यूट्यूबरची भर पडलीय, एवढाच काय तो फरक. आपण ऑफिसात बसून जे काही करतो ते पोरांना कळणार कुठून?

ब्रिटनमधल्या ‘एज्युकेशन अँड एम्प्लॉयर्स’ या संस्थेने २०१८ मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. वेगवेगळ्या देशांतल्या सुमारे २० हजार प्राथमिक शाळेतल्या मुलांनी त्यात मोठेपणी काय व्हायचंय त्याचं चित्र काढलं होतं. शाळेत आलेल्या पाहुण्याकडून ते काम कळलं, असं सांगणारी मुलं एक टक्काही नव्हती! म्हणून तिकडे नोकरदार मंडळी तासभर वेळ काढून शाळेत जातात आणि आपण काय करतो ते सांगतात. बस्स, एवढंच.

आपल्याकडे २०२४ मध्ये राज्य सरकारने पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ आणला. माझी एक मैत्रीण अमरावतीत चौथीला शिकवते. तिने त्यातला एक तास पाहुण्यांसाठी राखला आणि पहिल्याच खेपेला मला ओढून नेलं. सोबत एक नर्सताई, एक लाइनमन आणि पुण्याहून सुट्टीवर आलेला एक सॉफ्टवेअर टेस्टर.

टेस्टरने झकास प्रेझेंटेशन आणलं होतं. तिसऱ्या स्लाइडला वर्ग जांभया द्यायला लागला. मग लॅपटॉप मिटून तो म्हणाला, ‘दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधतो मी. त्याचाच पगार मिळतो.’ ‘म्हंजे आमच्या मॅडमवानी!’ पहिल्या बाकावरून आवाज आला. मला विचारलं गेलं, ‘तुमाले लिवाचे पैसे कोन देते जी?’ फ्रीलान्सर म्हणून सांगते, उत्तर मीही शोधतेय.

भाव खाऊन गेला लाइनमन. हातमोजे, कमरेचा पट्टा, पक्कड सगळं पोरांच्या हातात. लाइन बंद केली तरी तारेला हात लावण्याआधी रॉडने अर्थिंग का करायचं, हे त्याने खडूने फळ्यावर काढून दाखवलं. तास संपला तरी कुणी जागचं हलेना.

सगळं छान चाललं होतं. निघताना टेस्टर म्हणाला, ‘भरपूर अभ्यास करा, म्हणजे पुण्याला जाल.’ बोलला ते प्रेमाने. पण मला ते खटकलं. चांगलं काम म्हणजे दुसऱ्या गावातलं काम, हे नऊ वर्षांच्या पोरांना सांगायला आपण जातो का?

पुढच्या महिन्यात अकोल्याच्या एका शाळेने बोलावलं. रस्ता तोच, अमरावती-अकोला महामार्ग. जून २०२२ मध्ये याच रस्त्यावर ७५ किलोमीटर सलग डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत झालं आणि गिनीज बुकात गेलं. फोटो सगळीकडे झळकले. पण रोलर चालवणाऱ्याला कुठल्या वर्गात बोलावलं असेल?

अकोल्यात मी आधी पोरांनाच विचारलं, ‘घरी कोण काय काम करतं?’ एक पोरगा म्हणाला, ‘काई नाई. डाळ मिलमंदी हमाली.’ ‘काई नाई’ आधी, हमाली नंतर. डाळ मिलांसाठी ओळखल्या जाणाऱ्या शहरात!

तिथल्या सरांनी एक फार शहाणी गोष्ट केली. पुढच्या शनिवारी त्यांनी मिलमधल्याच एका जुन्या कामगार काकांना बोलावलं. काका मूठभर तूर घेऊन आले. तिला आधी रोलरवर हलक्या चरा पाडायच्या, मग तेल चोळायचं, पाणी द्यायचं, उन्हात वाळवायची, तेव्हा कुठे साल सुटतं आणि दाण्याच्या दोन पाकळ्या होतात. वाळवण कच्ची राहिली की साल सुटत नाही. दाणा नीट वाळला का, हे काका दाताखाली धरून सांगतात! क्विंटलमागे ७० ते ७५ किलो डाळ मिळते. उरलेल्याचं काय? पोरांनी वजाबाकी केली आणि चुनी-भुसा गुरांना जातो, हे त्यांनीच सांगितलं. मागच्या शनिवारचा तो पोरगा सगळ्यात पुढे बसला होता.

गांधीजींनी १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत हाताच्या कामातून शिक्षणाची कल्पना मांडली, तेव्हापासून एक शंका घेतली जाते. अशाने हमालाचं पोर हमालच राहील. शंका खरी आहे, उडवून लावण्यासारखी नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत कितीतरी पोरांचे हात शेतात असतात, त्यांना आणखी काम कशाला शिकवायचं? म्हणून नुसते काका बोलावून भागत नाही. त्याच मिलमधला इलेक्ट्रिशियन यावा, हिशेब ठेवणारी ताई यावी, कृषी विद्यापीठात तुरीवर संशोधन करणाऱ्या मॅडम याव्यात. आणि हो, पुण्याचा टेस्टरही यावा, फक्त त्या शेवटच्या वाक्याशिवाय.

त्याला मी हे फोनवर सांगितलं. थोडा चिडला, मग म्हणाला, जानेवारीत रजा टाकतोय. मैत्रिणीच्या यादीत त्याच्या आधी तिघांचा नंबर आहे. बेकरीवाला, एसटीची कंडक्टर आणि रोलर चालवणारा. पहिले दोघं ठरलेत. रोलरवाला अजून मिळालेला नाही, तुमच्या ओळखीत असेल तर कळवा.