मुरलेली बिअर

खाण्यापिण्याच्या पदार्थांचे ढोबळ मानाने दोन वर्ग करता येतील. काही पदार्थांशी काळाचे वैर असते आणि काहींशी त्याचा स्नेह असतो. दूध, पालेभाजी, भाकरी, मासळी हे पहिल्या वर्गातले. त्यांची सारी थोरवी ताजेपणात. एक रात्र उलटली की त्यांचे दिवस भरले. लोणचे, मोरंबा, जुना तांदूळ आणि वैद्यबुवांच्या कपाटातील पुराणे तूप व आसवारिष्टे हे दुसऱ्या वर्गातले. या दुसऱ्या वर्गासाठी आपल्या भाषेने एक फार सुरेख क्रियापद राखून ठेविले आहे, ते म्हणजे मुरणे. लोणचे मुरते, पाऊस जमिनीत मुरतो, आणि एखाद्या धंद्यात मुरलेला मनुष्यही आपण पाहताक्षणी ओळखतो. जो पदार्थ नुसता जुना होतो तो शिळा. मुरतो तो पदार्थ निराळाच. शिळे होण्यात काळ वस्तूतून काहीतरी काढून नेतो. मुरण्यात तो काढून नेतो खरा, परंतु त्याच्या बदली काहीतरी ठेवूनही जातो.

बिअर कोणत्या वर्गात घालावी, असे कोणास विचारले तर तो विचार न करता पहिल्या वर्गाकडे बोट दाखवील. बिअर ही फेसाळ, थंड आणि ताजीच प्यावयाची वस्तू, अशी सर्वत्र समजूत आहे आणि नव्वद टक्के बिअरच्या बाबतीत ती खरीही आहे. उरलेल्या दहा टक्क्यांतही अगदी थोड्या अशा एका इंग्रजी पेयाविषयी आज आम्हांस लिहावयाचे आहे. शीर्षक पाहून कित्येक गृहस्थाश्रमी वाचक कपाळास आठी घालतील. त्यांच्या समाधानासाठी इतकेच सांगतो की, मद्यपानाचा पुरस्कार करणे हा आमचा हेतू नाही. आणि नवे मद्य जड व दोष वाढविणारे, जुने मद्य हलके, असा विवेक चरकाचार्यांनीही केलेला आहे. ज्या विषयाचा विटाळ चरकाने मानला नाही, तो आम्ही मानण्याचे कारण नाही.

इंग्लंडात बिअर मुरविण्याची चाल जुनी आहे. बर्फाची यंत्रे निघण्यापूर्वी उन्हाळ्यात बिअर बनविणे धोक्याचे असे; म्हणून सुगी झाली, नवा जव घरात आला, की ऑक्टोबर महिन्यात उत्तम व कडक बिअर करीत, ती पिंपात भरीत आणि एक-दोन वर्षे तिच्याकडे पाहत नसत. तिला ऑक्टोबर बिअर असेच नाव पडले होते. जमीनदारांच्या वाड्यांत तर याहून मोठा संयम चाले. घरी वारस जन्मला की त्या वर्षी एक भक्कम पिंप भरून तळघरात ठेवावयाचे आणि तो मुलगा एकवीस वर्षांचा होऊन कायद्याने सज्ञान झाला म्हणजे त्याच दिवशी ते फोडावयाचे. मुलाचा आणि पिंपाचा जन्म एका साली व्हावा आणि दोघांचीही परीक्षा एका दिवशी व्हावी, ही कल्पना आम्हांस मोठी गमतीची वाटते. दोहोंपैकी कोण अधिक चांगले मुरले, याविषयी पाहुण्यांत खाजगी चर्चा होत असलीच पाहिजे.

या ऑक्टोबर बिअरचा आपल्या देशाशीही एक संबंध आहे. लंडनच्या पूर्वेस बो येथे हॉजसन नावाच्या घराण्याचा एक कारखाना होता. ईस्ट इंडिया कंपनीची जहाजे जेथून सुटत तो ब्लॅकवॉलचा धक्का तेथून जवळ. त्यामुळे त्या जहाजांचे कप्तान याच कारखान्याची बिअर लांब मुदतीच्या उधारीवर उचलीत आणि मुंबई, मद्रास व कलकत्ता येथे आणून विकीत. केप ऑफ गुड होपला वळसा घालून येणाऱ्या त्या प्रवासास चार ते सहा महिने लागत आणि वाटेत विषुववृत्त दोनदा ओलांडावे लागे. जहाजाच्या पोटात हेलकावे खात, कधी तापत तर कधी निवत, ती पिंपे इकडे पोहोचत, तो आतील बिअर घरच्या तळघरात दोन वर्षे राहिल्यासारखी मुरलेली असे. पुढे १८२२ च्या सुमारास, कंपनीच्या एका संचालकाच्या सूचनेवरून, बर्टन गावच्या ऑलसॉपने या व्यापारात हात घातला आणि 'इंडिया पेल एल' हे नाव जगभर झाले. समुद्राने फुकट केलेल्या कामाचे हे नाव आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

मुरताना बाटलीत घडते तरी काय? कडक एलमध्ये मद्यार्काचे प्रमाण शेकडा दहा-अकरापर्यंत असते आणि हॉप नावाच्या वेलीच्या फुलांचा कडवटपणा तिच्यात भरपूर असतो. हे दोघे तिचे पहारेकरी. नासविणाऱ्या जंतूंस ते आत फिरकू देत नाहीत. बाटलीच्या तळाशी यीस्टचा पातळ थर जिवंत असतो. तो आत राहिलेला प्राणवायू शोषून घेतो आणि उरलेली साखर सावकाश खात बसतो. कडवटपणा वर्षावर्षाने ओसरतो. बुचातून केसाएवढ्या मार्गाने जी हवा शिरते, तिचा भाजलेल्या मॉल्टशी संयोग होऊन सुक्या मेव्याचे, बदामांचे, शेरी नावाच्या मद्याचे वास निर्माण होतात. जुन्या लाकडी पिंपांत आणखी एक भाडेकरू राहत असे. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतील क्लाउसन या शास्त्रज्ञाने मुरलेल्या इंग्रजी एलची विशिष्ट चव कशामुळे येते याचा शोध घेतला, तेव्हा त्यास एक निराळे, अतिशय मंद काम करणारे यीस्ट सापडले. १९०४ साली त्याने ते जाहीर केले आणि त्याचे नाव ठेविले 'ब्रेटॅनोमायसेस', म्हणजे ब्रिटिश बुरशी. साऱ्या पृथ्वीवर राज्य करणाऱ्या त्या राष्ट्राचे नाव एका बुरशीस मिळावे, यात त्या डेनिश पंडिताचा काही खवचटपणा होता की काय, कोण जाणे!

हे सारे वैभव विसाव्या शतकात हळूहळू लयास गेले. पहिल्या महायुद्धात धान्याची टंचाई व कर यांमुळे इंग्रजी बिअर पातळ झाली, ती पुन्हा पूर्वीच्या तोलास आलीच नाही. दोन-दोन वर्षे माल तळघरात पाडून ठेवणे कोणत्याही हिशेबनिसास रुचण्यासारखे नव्हते. तरीही मधून मधून कोणी हट्टी मनुष्य निघे. १९६८ साली डॉर्चेस्टरच्या एल्ड्रिज पोप या कारखान्याने, टॉमस हार्डीच्या मृत्यूस चाळीस वर्षे झाली त्या निमित्ताने, त्याच्या नावाची एक एल केली. 'द ट्रंपेट-मेजर' या कादंबरीत हार्डीने आपल्या गावच्या कडक बिअरचे जे वर्णन केले आहे, त्यास उतरेल अशी ती असावी, हा संकल्प. ती निदान पंचवीस वर्षे टिकेल असे कारखानदार सांगत. १९९९ नंतर त्यांनी ती बंद केली. २००३ मध्ये डेव्हन परगण्यातील ओहॅन्लन्स या लहानशा कारखान्याने ती पुन्हा हाती घेतली. परंतु इतका वेळ व पैसा खाणारे हे लेकरू त्यांनाही झेपेना आणि २००८ नंतर त्यांनी ते सोडले. पुढे इटलीतील मंडळींनी त्यास पुनर्जन्म दिला, ती गोष्ट निराळी. टिकण्याविषयी म्हणाल तर बर्टन येथे २००६ साली तळघरांत १८६९ ची बिअर भरलेल्या बाटल्या सापडल्या, आणि ज्यांनी त्या चाखल्या त्यांनी आतील पेय अद्याप पिण्यासारखे असल्याची ग्वाही दिली.

आमचे एक स्नेही गेली चाळीस वर्षे सॉमरसेट परगण्यात डॉक्टरी करीत आहेत. २०२४ च्या ऑक्टोबरात आम्ही उभयता त्यांच्याकडे राहावयास गेलो होतो, तेव्हा त्यांनी आम्हांस शेजारच्या खेड्यातील एका कारखान्यात नेले. कारखाना म्हणजे काय, तर पूर्वीचा गोठा. तीन तांब्या-पोलादाची भांडी, चारसहा पिंपे, आणि मालक, मुनीम व हमाल या तिन्ही भूमिका करणारा एक पासष्टीचा गृहस्थ. मोठ्या तोंडाचा, लहान वाक्यांचा. सफरचंदाची दारू पिणाऱ्या त्या मुलखात बिअर करावयास बसणे म्हणजे कोकणात जाऊन संत्री विकण्यासारखे. पण २००२ साली सरकारने लहान कारखान्यांचा कर निम्म्यापर्यंत उतरविला, त्या आशेवर त्याने पुढल्याच वर्षी हा संसार मांडला. रोजची साधी बिअर विकून तो पोट भरतो, आणि दर ऑक्टोबरात एक पिंप कडक एल बनवून तळघरात ठेवतो.

त्याने चार सालांच्या चार बाटल्या आणल्या. बर्फाचा प्रश्नच नव्हता. तळघराचा स्वाभाविक गारवा तोच पुरेसा. पेले अंड्याएवढे, आणि सोबत पाव व निळ्या बुरशीचे चीज. २०२२ ची एल लालसर काळी होती. तीत गोड आणि कडू यांची भाऊबंदकी चालली होती, आणि प्रत्येक घोटास दोघेही आमच्या जिभेस साक्षीला ओढीत होते. २०१७ च्या बाटलीत तडजोड झालेली दिसली. कडवटपणा मागच्या सोप्यावर जाऊन बसला होता. पुढे खारीक, मनुका आणि करपू दिलेल्या साखरेचा वास दरवळत होता. आमच्या सौभाग्यवती मद्यास शिवत नाहीत, परंतु वासाच्या बाबतीत त्यांचे नाक आमच्या घरचे उच्च न्यायालय आहे. त्यांनी पेला दुरूनच हुंगला आणि म्हटले, "अहो, ही तर काकवी!" डॉक्टरांनी या शब्दाचा अर्थ समजावून सांगताच त्या गृहस्थाने आपली वही काढली, आणि २०१७ च्या पानावर रोमन अक्षरांत 'काकवी' असे लिहून घेतले.

२०१२ ची बाटली मात्र फसली होती. तिला भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास येत होता आणि चवीत खारट काळेपणा उतरला होता. बूच सैल राहिले असावे, वारा आत गेला असावा. ती एल बारा वर्षे तळघरात होती, पण मुरली नव्हती. केवळ शिळी झाली होती. त्या गृहस्थाने एक घोट घेतला, उरलेली शांतपणे मोरीत ओतली आणि वहीत तीही नोंद केली. चौथी बाटली २००४ ची. फेस जवळजवळ नव्हताच. गोडवा आटून कोरडा झाला होता. अक्रोडाची साल, जुने कातडे आणि अगदी शेवटी एक बारीकशी आंबट रेघ. तीत आता कोणतीच चव पुढे येऊन बोलत नव्हती. साऱ्या एका पंगतीस बसल्या होत्या. एवढासा पेला संपावयास आम्हांस अर्धा तास लागला.

मग गोष्टी निघाल्या. १ ऑगस्ट २०२३ पासून इंग्लंडात दारूवरील कराची नवी पद्धत सुरू झाली. पेय जितके कडक तितका कर जास्त, हे तिचे सूत्र. आणि लहान कारखान्यांची सवलत तीत फक्त साडेआठ टक्क्यांहून कमी मद्यार्काच्या पेयांस मिळते. या गृहस्थाची एल अकरा टक्क्यांची. त्याचा हिशेबनीस त्यास सांगत होता, "आठ-पूर्णांक-चारवर आणा. कर वाचेल, गिऱ्हाइकाला कळणारही नाही." त्याचे म्हणणे खोटे नव्हते. त्या वर्षी पिणाऱ्यास ते कळले नसते. कळले असते वीस वर्षांनी बाटली उघडणाऱ्यास. कारण पहारेकरीच दुबळा केल्यावर तिने इतकी वर्षे तग धरण्याची आशा कमी. परंतु तो वीस वर्षांनंतरचा मनुष्य हिशेबनिसाच्या वहीत कोठेच नव्हता. त्याच्या नावे खाते उघडावयाचे तरी कसे?

"मग तुम्ही काय केलेत?" आम्ही विचारले.

"पिंप लहान केले," तो म्हणाला. "एल तीच ठेवली."

त्यास मुलगी आहे, ती लंडनात वकील आहे, आणि गोठ्यात परत येण्याचा तिचा विचार नाही. यंदाची एल २००४ च्या बाटलीच्या वयाला येईल तेव्हा तो पंच्याऐंशीचा असेल. आम्हीही त्याच्याच वयाचे असल्यामुळे हा हिशेब करावयास आम्हांस वेळ लागला नाही, आणि तो बोलून दाखविण्याचा धीरही झाला नाही. तो धीर सौभाग्यवतींनी केला. आमच्याकडे आंब्याचे झाड लावणाऱ्या म्हाताऱ्यास जो प्रश्न विचारतात तोच त्यांनी डॉक्टरांकरवी विचारविला: हे कोणासाठी?

त्याने खांदे हलविले. "कोणीतरी पिईल," एवढेच तो म्हणाला, आणि रिकाम्या बाटल्या धुवावयास घेऊन गेला.

या उत्तरात आम्हांस वैराग्य दिसले नाही आणि मोठेपणाचा आवही दिसला नाही. आपल्या आजीने मोरंब्याच्या बरणीस दादरा बांधताना तरी कोठे एवढा विचार केला होता? पुढच्या उन्हाळ्यात कोण घरी असेल, कोण नसेल, हे तिलाही ठाऊक नसे. पाक मात्र ती पक्का करी, कारण कच्चा पाक टिकत नाही हे तिला ठाऊक असे. आमच्या वयाच्या माणसांनी आपल्या मागे काय राहील याची चिंता करण्यापेक्षा, जे आज हातात आहे त्याचा पाक पक्का झाला आहे की नाही एवढे पाहावे. लहान पिंप चालेल. ते कितीसाव्या वर्षी, कोणाच्या पेल्यात उतरते, ते काळाने व त्या पिणाऱ्याने पाहून घ्यावे.

निघताना सौभाग्यवतींनी त्या गृहस्थास एक सूचना केली. बाटल्यांवर तो नुसते साल लिहीत असे; महिनाही लिहावा, असे त्यांचे म्हणणे पडले, कारण लोणच्याच्या बरण्यांवर त्या तसेच लिहितात. त्याने ती ताबडतोब मान्य केली, आणि आमच्यासमोरच खडूने यंदाच्या पिंपावर ऑक्टोबर हा शब्द लिहिला.