गाठी

आमच्या वर्धा जिल्ह्यात गाठ म्हटली की आधी रुईची गाठ आठवते. जिनिंगात सरकी वेगळी होते, प्रेसमध्ये रुई दाबली जाते आणि पट्ट्यांनी आवळलेली १७० किलोंची गाठ बाहेर पडते. माझ्या मामांनी तीस वर्षं अशा गाठी मोजल्या. कानावर पेन्सिल, खिशात बिडीचं बंडल. सेवाग्रामच्या घरी संध्याकाळी परतले की त्यांच्या भुवयांवरही रुईची पांढरी लव असायची.

त्या वैशाखात मामांची लघवी लाल झाली. दुखलं नाही, जळजळ नाही. ‘उन्हाळी लागली’ हा आमच्याकडचा इतका घरगुती शब्द, की कुणी घाबरलंच नाही. मामीनं धने भिजवले, सब्जा दिला. तीन दिवसांत रंग निवळला आणि धन्याच्या पाण्यालाच यश मिळालं. पोळ्याच्या सुमारास पुन्हा लाल. “दुखत नाही तं कायले जाऊ दवाखान्यात?” मामा म्हणाले. मूत्राशयाच्या कर्करोगाचं पहिलं रक्त बहुतेक वेळा असंच येतं, न दुखता, आणि आपोआप थांबतंही. थांबलं म्हणजे बरं झालं, असं आम्ही धरून चाललो. ते चार महिने मला अजून सलतात. धन्याचं ते पाणी मीही गाळून दिलं होतं.

बिडी फुप्फुसाला खाते, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. पण धुरातली विषं रक्तात उतरतात, मूत्रपिंडं ती गाळून लघवीत टाकतात, आणि ती लघवी तासन् तास ज्या पिशवीत साचते तिचं अस्तर ती विषं सोसत राहतं. इतकी साधी गोष्ट मामांना कुणी सांगितली नव्हती. मलाही ती मामांच्या आजारानंच शिकवली.

शेवटी दवाखान्यात दुर्बिणीतून तुकडा काढला. रोग पिशवीच्या स्नायूत शिरला होता. सीटी स्कॅनमध्ये ओटीपोटातल्या मोठ्या रक्तवाहिन्यांच्या कडेला दोन लसिकाग्रंथी सुजलेल्या दिसल्या. “गाठीत गेलाय,” बाहेर बाकावर कुणीतरी हलक्या आवाजात म्हणालं. आपल्याकडे हे वाक्य निकाल दिल्यासारखं उच्चारतात. पण लसिकाग्रंथी ही शरीराची गाळणी आहे. भटकलेली पेशी तिथे अडकते, कधी तिथेच वाढते. ओटीपोटातल्या गाठींपर्यंतच रोग पोचला असेल, तर काही जणांच्या बाबतीत तो पुरता निपटण्याची वाट अजून बंद झालेली नसते. डोनाल्ड स्किनर या अमेरिकी सर्जननं १९८२ मध्ये हेच मांडलं होतं: गाठी मन लावून, नीट काढल्या तर रोग त्यांच्यात पोचलेले काही रुग्णही वाचतात.

“पहिले काढूनच टाका ना,” मामांनी नागपूरच्या डॉक्टरांना विनवलं. त्यांनी मामांच्या हातावर हात ठेवला. “काका, दिसतं तेवढंच काढता येतं. न दिसणारं रक्तातून गाठावं लागतं. आधी केमो.” औषधाला गाठी दाद देतात की नाही, हेही त्यातून कळणार होतं. आधी क्रिएटिनिन तपासलं, कारण सिस्प्लॅटिन मूत्रपिंडांवर घाव घालतं. हे औषध म्हणजे प्लॅटिनम धातूचं संयुग. १९६५ मध्ये बार्नेट रोझेनबर्ग प्लॅटिनमच्या पट्ट्यांतून वीज सोडून जिवाणूंवर प्रयोग करत होते. जिवाणू लांबत गेले, पण विभागले जाईनात. कारण वीज नव्हती, पट्ट्यांतून विरघळलेलं प्लॅटिनम होतं. ते आता सलाइनच्या बाटल्यांमागून थेंब थेंब मामांच्या शिरेत उतरत होतं. दर तीन आठवड्यांनी एक फेरी, अशा चार. बाहेर कापूस वेचणी सुरू झाली, जिनिंगचा भोंगा वाजू लागला, आणि मामांचा तो पहिलाच हंगाम चुकला.

बऱ्या दिवशी मी त्यांना गांधीजींच्या आश्रमात नेई. बापूंनी १९३६ मध्ये लावलेल्या पिंपळाखाली ते बसत. भाकरीचा वास सहन होत नव्हता, पण शेणानं सारवलेल्या अंगणाचा वास चाले. सायंप्रार्थनेत ओठ हलवत. जवळच परचुरे शास्त्रींची कुटी आहे. कुष्ठरोग झालेल्या त्या संस्कृत पंडिताला बापू स्वतः मालिश करत. लहानपणापासून कितीदा तिच्यासमोरून गेले असेन, पण तिथे खरी थांबले ती त्या वर्षी.

चौथ्या फेरीनंतरच्या स्कॅनमध्ये गाठी आक्रसल्या होत्या. संक्रांतीनंतर ऑपरेशन झालं. मूत्राशय, प्रोस्टेट आणि दोन्ही बाजूंच्या गाठी काढल्या. लहान आतड्याचा वीतभर तुकडा घेऊन लघवीला नवी वाट करून दिली. ती बेंबीच्या उजवीकडे लालसर कळीसारखी उघडते, आणि वर पिशवी चिकटवावी लागते. गाठी अजून वरपर्यंत, पोटातून काढत गेलं तर अधिक फायदा होईल का, असं मी विचारलं होतं. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत तसा फायदा दिसला नाही, त्रास मात्र वाढला. किती काढायचं याबरोबर कुठे थांबायचं हेही सर्जनच्या हातात असतं, हे मला तेव्हा कळलं.

घरी आल्यावर पिशवी बदलायचं काम मामीनं कुणाला दिलं नाही. कोमट पाण्यात मऊ सुती कापड भिजवायची, कडेची कातडी टिपून कोरडी करायची, भोकाचं माप कागदावर धरून चकती कापायची, तळहातानं दाबून ऊब द्यायची म्हणजे ती नीट चिकटते. मामा छताकडे बघत पडून राहायचे. पहिल्या आठवड्यात त्यांच्या डोळ्यांच्या कडा ओल्या असायच्या. “इकडे पाहा ना,” मामी एकदा म्हणाली, “हेही तुमचंच हाय.” त्यांनी पाहिलं.

पॅथॉलॉजीचा कागद मी वाचून दाखवला. काढलेल्या गाठी बावीस, रोग उरलेली एक. मामांनी तो कागद मागून घेतला आणि जुन्या सवयीनं कडेला पेन्सिलीनं बारीक टीक केली. दर तीन महिन्यांनी ते अजून तपासणीला जातात. बिडी सुटली आहे.

तुमच्या घरात कुणाची लघवी एकदा जरी लाल दिसली, दुखत नसली, आपोआप थांबली, तरी धन्याच्या पाण्यावर विसंबू नका. त्याच आठवड्यात तपासून घ्या.