शेपटीवरून नाव

नाव ठेवणं आणि नावं ठेवणं यांत मराठीत काय तो एका टिंबाचा फरक. सिंहपुच्छ माकडाच्या बाबतीत तेवढाही उरलेला नाही. अंग काळंभोर, तोंड काळं कुळकुळीत आणि त्याभोवती गालांवरून हनुवटीपर्यंत उतरलेली चंदेरी आयाळ! असा ऐटबाज चेहरा समोर असताना नाव ठेवणाऱ्यानं पाहिलं काय, तर शेपटीच्या टोकाचा गोंडा! एखाद्या गवयाला धोतराच्या सोग्यावरून ओळखावं, तशातला प्रकार.

हे माकड सह्याद्रीचं, पण आपल्या वाट्याच्या सह्याद्रीत नाही. कर्नाटक, केरळ आणि तमिळनाडू सोडून जगात कुठेच नाही. म्हणून आम्ही उभयता पोल्लाचीहून घाटाची चाळीस वळणं पोटात ढवळत वालपराईला गेलो. हा प्राणी सदाहरित जंगलात उंच शेंड्यांवर राहतो, खाली क्वचित उतरतो, असं वाचलेलं. तेव्हा दुर्बीण आकाशाला लावून मी उभा.

"अहो, वर काय बघताय? तो बघा रस्त्यावर!"

खरंच की! चहाच्या मळ्यालगत डांबरी रस्त्याच्या कडेला एक नर गालांच्या पिशव्या भरून बसला होता. मी उसने पैसे मागायला आलोय, अशा नजरेनं त्यानं माझ्याकडे पाहिलं.

"दाढी अगदी तुमच्यासारखी पिकलीय," सौ. म्हणाली. "डोक्यावर केस मात्र आहेत हो त्याच्या."

तेवढ्यात एक बस कचकन थांबली. पोटाशी पिल्लू धरलेली मादी चाकापासून दोन हातांवरून पलीकडे गेली. आमचं हसणं तिथंच राहिलं.

इंग्रजांच्या काळापासून इथलं जंगल चहा-कॉफीसाठी तुटलं. उरले ते तुकडे. शेंड्याला शेंडा भिडेना, मग वरून चालणाऱ्यानं जायचं कुठून? केरळात सायलेंट व्हॅलीत धरण होऊ घातलं होतं, तेव्हा याच माकडाचं नाव घेऊन लोक भांडले आणि १९८३ मध्ये ते रद्द झालं. तरी आज जंगलात ही माकडं चार हजारांच्या आतच. आमच्या उपनगरातल्या दोन शाळांत याहून जास्त पोरं भरतील. (आणि खोड्या म्हणाल, तर माकडं सभ्य.)

रस्त्यावर झाडाझाडांमध्ये माकडांसाठी पूल टांगलेत. परतताना टॅक्सीवाल्यानं न सांगता गाडी थांबवली. वर एक पोरगं निम्म्यापर्यंत गेलं, घाबरून परतलं, पुन्हा निघालं. ते पलीकडे पोहोचेपर्यंत सौ.नं माझा दंड आवळून धरला होता. तिच्या नखांच्या खुणा चार दिवस होत्या.